सुमनअक्काचं भ्या

सुमनअक्का इंग्रजी बोलायची ती फक्त दोघांशी. घरची म्हैस आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर. "म्हस रवंथ करती, बुद्धाचं डोळं मिटल्यालं. दोगंबी माज्याकडं बगत न्हाईत," म्हणायची.

आम्ही दोघी बारामतीत एकाच दवाखान्यात नर्स. नव्वदच्या सुमाराला आखातात नर्सा घेत होते, म्हणून संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवणीला जायचो. मी वरकुट्याची, तोंडाळ. व्याकरण गेलं खड्ड्यात, हातवारे करून दणकून बोलायची. अक्का एकेक वाक्य तांदळासारखं निवडायची, आणि सरांनी नुसतं बघितलं तरी तिला दरदरून घाम फुटायचा. "नंदाबाईंसारखं बोला की," सर म्हणायचे. आता काय, माझी जीभ तिला उसनी देऊ?

मुलाखत फोनवर ठरली, सरांच्याच घरी. त्या आठवड्यात अक्काचं जेवण तुटलं. वॉर्डात मधेच थांबून विचारायची, "लाइन खराब आसंल का गं त्या दिवशी?" मला वाटलं, बाई नापास व्हायला भिते.

पहिला नंबर माझा. पलीकडच्या माणसाचं तोंड दिसेना. हसतोय का रागावलाय, काही कळेना. हातवारे करायचे कुणापुढं? माझी बोबडीच वळली. त्यानं नाव विचारलं तरी मी आपली "यस सर".

मग अक्का उठली. तिनं आमच्याकडं पाठ केली, डोळे मिटले आणि सावकाश, एकही चूक न करता बोलत राहिली. पलीकडून तिला कोण बघणार होतं? सरांनी तोंडात बोट घातलं.

फोन ठेवून "घेतलं त्येंनी मला," म्हणाली, आणि मटकन खालीच बसली.

"अगं, झालं की आता. कशाला भितीस?"

"येच भ्या हुतं, नंदे. घेत्याल म्हणून." ती पदरानं तोंड पुसत राहिली. "कन्हेरीला घरात आई आन् मी, दोगीच. तीच माज्या मागं लागली, जा म्हणून. दिसभर जा जा करती, आन् झोपंत माज्या पदराचं टोक मुठीत धरती."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"मी गेल्यावर ती काय धरंल गं?"