मागच्या दाराचे पाहुणे

गुरुसिद्धप्पांच्या ओसरीवर येणारा एकही माणूस स्वतः आजारी नसे. सगळे कुणातरी पाहुण्यासाठी यायचे. आप्पा, माझ्या एका पाहुण्याला जरा... एवढं बोलून माणूस जमिनीकडं बघायला लागला, की आप्पा ओळखायचे. तेही जमिनीकडंच बघून विचारायचे, "पाव्हण्याला कवापासनं हाय?"

आप्पा आमच्या लोहाऱ्याचेच, लिंगायत. उस्मानाबादेच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करण्यात उभी हयात गेली आणि नोकरी संपल्यावर गावी येऊन राहिले. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. दारात पाण्याची बादली आणि साबणाची वडी. हात धुतल्याशिवाय कुणाला बसू देत नसत, मग तो तहसीलदार का असेना. गावच्या खोकला-तापाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पुरुषमाणसाला जे लागलेलं घरात सांगता येत नाही आणि वैद्याला दाखवता येत नाही, नेमकं तेवढंच आप्पा बघत. लंगोटानं काचलेलं, खोगिरानं सोललेलं, वस्तऱ्यानं चिरलेलं. हसू नका. आप्पांच्या ओसरीवर जो हसला, त्याला पुन्हा तिथं पाय ठेवता आला नाही.

बघितल्याशिवाय भागणार नसलं तर आप्पा विचारत, पाहुणा बरोबर आलाय का? आलाय, म्हणायचं. मग त्याला मागच्या दारानं पाठवा, असा हुकूम व्हायचा. माणूस उठून पुढच्या दारानं बाहेर पडे, कडुलिंबाला वळसा घालून परसात जाई. तिथं आप्पा हात धुऊन उभेच. "या पाव्हणं, कुठनं आलात?" मघाशी ओसरीवर समोर बसलेला आमचा पटवारी मग तुळजापूरहून आलो म्हणून सांगे, आणि आप्पा तिकडच्या ज्वारीची चौकशी करत करत त्याला धोतर सैल करायला लावत. जाताना पटवारी पुन्हा पुढच्या दारानं येऊन पाहुण्याची तब्येत विचारून जाई. दोघांच्याही चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

माझ्यावरही ती पाळी आली. येरमाळ्याच्या देवीला तट्टावर बसून गेलो होतो. मास्तर माणूस, तट्टाची सवय ती कुठली? परत आलो तेव्हा मांडीपासून आत सगळं सोलवटून निघालेलं. शेजाऱ्याचं ऐकून वर हळद-चुना फासला आणि रात्रभर तारे मोजले. सकाळी हे सगळं पाहुण्याच्या नावावर घालून सांगितलं, तर आप्पा पहिल्यांदाच तडकले.

"चुना लावायला ती काय भिंत हाय का, मास्तर?" आणि लगेच जीभ चावून म्हणाले, "म्हंजे, पाव्हण्याला इचारा म्हणतो मी."

मग नेहमीचं सुरू झालं. पाणी उकळून गार करा, चिमूटभर मीठ टाका, हलक्या हातानं धुवा. चोळायचं नाही, मऊ फडक्यानं टिपायचं. लंगोट खुंटीला, धोतर सैल. राख, तंबाखू, चुना, काही म्हणजे काही लावायचं नाही. लावलंच तर चांगलं खोबरेल. बरं होईस्तोवर अंथरूण वेगळं. "कातडं हाय, पोलाद न्हाय," हे त्यांचं पालुपद. आणि शेवटी सगळ्यांना एकच ताकीद. आठवड्यात खपली धरली नाही, सूज चढली, लघवी अडली, रक्त थांबेना, तर माझ्याकडं येऊ नका, सरळ सोलापूर गाठा.

या नाटकाचं कारण मी एकदा विचारलं होतं. दवाखान्यात एक गाडीवान आला होता म्हणे. त्यानं दुखणं सांगितलं आणि सगळी खोली हसली. तो उठून गेला. परत आणला तेव्हा सगळं नासलं होतं, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आप्पा म्हणाले, मीबी हसलो होतो. एवढं सांगून ते बादली भरायला गेले.

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी शाळा सुटल्यावर बघतो, तर आप्पा माझ्या दारात. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. आमच्या रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी हात धुतले, बसले, आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "मास्तर, माझ्या एका पाव्हण्याला जरा..."

मीही जमिनीकडं बघितलं. कधीपासून, विचारलं. दिवाळीच्या आधीपासून, म्हणाले. ज्या माणसानं सगळ्या गावाला आठवड्याची मुदत घालून दिली, तो हे सांगत होता. मला रागही आला आणि रडूही आलं. पण रीत ती रीत. मी म्हटलं, पाहुण्याला मागच्या दारानं पाठवा.

ते पुढच्या दारानं बाहेर पडले. मी हात धुऊन परसात उभा राहिलो. घराला वळसा घालायला त्यांना फार वेळ लागला. दोनदा भिंतीला टेकले असावेत. शेवटी परसाच्या दारात आले.

"या पाव्हणं, कुठनं आलात?"

आप्पांनी चौकट धरली.

"पाव्हणा न्हाय, मास्तर. मीच हाय. आरशात नीट दिसत न्हाय, अन् घरात बघायला कोण न्हाय."

इतक्या वर्षांत आपलं दुखणं आपलं म्हणून सांगणारा लोहाऱ्यातला हा पहिला माणूस. मी बघितलं. मला औषधातलं ओ की ठो कळत नाही, पण ते साधं खरचटणं राहिलं नव्हतं, एवढं कुणालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत गवत पसरून त्यांना सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं, जखम भरायला उन्हाळा सरला, ते सगळं पुढचं. मला आठवतो तो निजामाच्या सरहद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. शिपायानं गाडी अडवली, गवत चाचपलं आणि आप्पांकडं बोट केलं.

"ये कौन? मेहमान?"

"नाही," मी म्हटलं. "घरचे आहेत."

आप्पांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं, आणि सोलापूर येईपर्यंत काढलं नाही.