डोमाजीकाकांची हजेरी

श्रावणातला रविवार, माणशी दीडशे रुपये वर्गणी, हजर आमच्या गल्लीतले अकराजण. बालाघाट स्टेशनावर डोमाजीकाकांनी प्रत्येकाच्या हातावर एक पितळी बिल्ला ठेवला आणि बजावलं, "हरवला तं पाहा. खाली गेला तो वर आला पाहिजे."

काका एका खाणीत हजेरीबाबू होते. उतरणारा मजूर खिळ्यावरचा बिल्ला घेऊन जायचा, वर आला की टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून आत. पुढे हजेरीच्या मशिनी आल्या, बिल्ले भंगारात निघाले. काकांनी ते विकत घेतले. पुतणीच्या लग्नात त्यांनी वऱ्हाडाला बिल्ले वाटले. नवरदेव घेईना, तर मंगलाष्टकं थांबवली. "नवरदेव असशील तुह्या घरी. हजेरी लागली नाही."

नैनपूरकडच्या गाडीत आमचा शेजारी खेमराज उठला.

"कुठं?"

"संडासात, काका."

"बिल्ला ठेव अन् जा."

"तिथं खाली गेलेलं वर येते का कधी, काका?"

डबा हसला. काका हसले नाहीत. तिकीट तपासनीस आला, तर त्यालाच त्यांनी विचारलं, "साहेब, तुमचा बिल्ला?"

खिडकीशी सुगंधाकाकू बसल्या होत्या. अलीकडे त्यांची आठवण सुटत चालली होती. नवऱ्याला त्या कधी भाऊ म्हणत, कधी मास्तर. काका प्रत्येक हाकेला "हौ" म्हणत. काकूंचा बिल्ला काकांनी स्वतः त्यांच्या पदराला बांधून दिला होता.

लहानशा स्टेशनावर उतरलो, जंगलातून धबधब्याला गेलो, भिजलो, जेवलो. परतताना काका चढावाच्या तोंडाशी पिशवी धरून उभे होते. जो तो बिल्ला टाकून पुढे जात होता. "बराबर," काका म्हणाले. "चला."

स्टेशनावर पोचल्यावर माझ्या बायकोनं विचारलं, "काकू कुठं आहेत?"

काकांना वाटलं होतं, त्या बायकांबरोबर पुढे गेल्या. बायकांना वाटलं, काकांबरोबर मागे आहेत. काकांनी बाकावर पिशवी ओतली. बिल्ले मोजले. पुन्हा मोजले. "बराबर तं हायेत," ते म्हणाले.

काकांना घेऊन आम्ही धावत मागे गेलो. चढावावर कणसं भाजणारी बाई आवराआवर करत होती. "अम्मा ने भुट्टा लिया और पैसे की जगह ये बिल्ला दे दिया," ती म्हणाली. "मैंने लाकर आपके हाथ में रखा था, बाबूजी. आप गिन रहे थे."

खेमराज धबधब्याखालच्या डोहाकडे उतरला. आम्ही कोणी एकमेकांकडे बघत नव्हतो. अंधारून येत होतं. काका "सुगे! ए सुगे!" अशा हाका मारत होते. हे काकूंचं माहेरचं नाव. आता त्या तेवढ्याच नावाला ओ देत.

ओ आली वरच्या गावातून. पहिल्याच घराच्या अंगणात काकू एका म्हातारीशेजारी बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. काकांना पाहून त्या म्हणाल्या, "माय, पाहुणे आले व. पाणी दे."

"चाल, सुगे. गाडी जाईन."

"मी काहून येऊ? बाप बाजारातून येऊन राह्यला."

त्यांचे आईबाप कधीच गेले. लांजीकडचं माहेरचं घरही विकलं गेलं. काकांनी हात धरला, तशा काकू किंचाळल्या आणि त्यांनी खांबाला मिठी मारली. काका अंगणातल्या चिखलात खाली बसले.

"हिले माहेर नाही उरलं," ते मला म्हणाले. "अन् आता मीही नाही उरलो."

म्हातारीला मराठी कितपत कळत होती कोण जाणे. ती आत गेली, मापभर तांदूळ घेऊन आली. काकूंना कुंकू लावलं, तांदूळ पदरात ओतले. "जा बेटी. तेरा आदमी लेने आया है. तीजा के त्योहार पे फिर मायके बुला लूँगी."

माहेराहून लेक निघते तशा काकू तिच्या गळ्यात पडून रडल्या. मग पदर डोक्यावर घेतला आणि मुकाट्यानं काकांच्या मागे उभ्या राहिल्या.

काकांनी खिशात हात घातला. म्हातारी रागावली, "बेटी के घर का पैसा लेते हैं क्या?" तिनं कमरेची गाठ सोडली. त्या दिवशी शेवटचे पैसे दिले गेले ते असे: दहा रुपये, म्हातारीकडून जावयाला. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतले.