दोन फुटांची वाट

खरं म्हणजे मी फक्त एक चिकटपट्टी विकत आणली होती. निळी, दोन इंच रुंद. त्या चिकटपट्टीने पुढे मला एका कड्यावर नेऊन उभं केलं, यात तिचा काही दोष नाही.

मी वजनमाप तपासणीच्या ऑफिसात आहे. दुकानदारांची वजनं आमच्याकडे येतात, आम्ही ती तपासून शिक्का मारतो. सत्तावीस वर्षं हेच काम केल्यामुळे किलोचं वजन पाच ग्रॅमने कमी असलं तर मला ते नुसतं हातात घेऊन कळतं. (ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगतो. बायको त्या वेळी स्वयंपाकघरात जाते.) आमचं ऑफिस तळमजल्यावर आहे. त्यासाठी मी दोन बढत्या नाकारल्या आहेत, कारण बढतीची खुर्ची चौथ्या मजल्यावर आहे आणि तिच्या मागे मोठी खिडकी आहे.

तर मला उंचीची भीती वाटते. आणि आमची एकुलती एक मुलगी हवामान खात्यात निरीक्षक म्हणून लागली, ती नेमकी एका डोंगराच्या टोकावरच्या केंद्रात. चार वर्षं ती तिथे आहे. चार वर्षं मी ‘येतो, येतो’ म्हणत होतो. एकदा गुडघा दुखला, एकदा ऑफिसची तपासणी निघाली, एकदा सर्दी झाली. केंद्राकडे जायला मोटारीचा रस्ता नाही. सामान न्यायला तारेवरचा पाळणा आहे, पण तो साठ किलोंपर्यंतच उचलतो. मी चौकशी केली होती. माझं वजन एकाहत्तर किलो दोनशे ग्रॅम आहे.

मग एका रविवारी तिचा फोन आला.

“बाबा, माझी बदली झाली. महिनाअखेर निघायचं. तुला जमत नसेल तर नको येऊस, मी फोटो पाठवते.”

यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. मी विचारलं, “वाट कशी आहे गं?”

“सगळी सोपी. शेवटी फक्त ऐंशी पावलांचा कडा आहे. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी. पण वाट चांगली दोन फूट रुंद आहे. आपल्या पॅसेजमध्ये तू एवढ्याच जागेतून चालतोस. तिथे पडतोस का कधी?”

मी फोन ठेवला आणि वही उघडली. कुठलीही गोष्ट आधी मोजावी, मग तिला घाबरावं, असा माझा नियम आहे. आठवडाभर मी वेगवेगळ्या जागी उभा राहून भीतीला दहापैकी गुण दिले. स्टूल: चार. तीन पायऱ्यांची शिडी: सहा. शेजाऱ्यांच्या पाचव्या मजल्यावरची बंद खिडकी: तीन! मी पुन्हा जाऊन तपासलं, तरी तीनच. (शेजारीण म्हणाली, “भाऊजी, खिडकीत काय आहे?” मी म्हटलं, “तीन.” त्यानंतर त्यांनी पडदा लावून घेतला.) म्हणजे माझी भीती उंचीवर अवलंबून नव्हती. ती कडेवर अवलंबून होती. पंचावन्न वर्षं मी भलत्याच गोष्टीला घाबरत होतो!

म्हणून चिकटपट्टी. आमचा पॅसेज चार फूट रुंद आहे. झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, उजव्या भिंतीपासून बरोबर दोन फुटांवर मी सरळ निळी रेघ चिकटवली. उजवी भिंत म्हणजे डोंगर. रेघेच्या डावीकडे दरी.

“अहो, तुमच्या दरीत माझा कपडे वाळवायचा स्टँड आहे,” बायको म्हणाली.

“राहू दे. झाडं समजतो.”

रोज चार फेऱ्या. रेघेवर पाय पडला की फेरी रद्द, पुन्हा खोलीपासून सुरुवात. पहिल्या आठवड्यात मी एकवीस वेळा दरीत पडलो, त्यात एकदा स्टँडसकट. बायको कोणतीही गोष्ट लवकर आपलीशी करते. दुसऱ्या आठवड्यात ती कामवालीला सांगत होती, “दरी झाडून झाली असेल तर डोंगरावरची जळमटं काढ.” मी मात्र चिकाटी सोडली नाही. स्वयंपाकघराच्या दारात पोचलो की वहीत खूण करायची, ओट्यावरचा चहा उचलायचा, आणि खोलीत टेबलाशी जाऊन निरीक्षणं लिहायची. तिसऱ्या आठवड्याअखेर गुण दोनवर आले. मी मुलीला कळवलं, “येतोय.”

बायकोही बरोबर निघाली. वाटाड्या पायथ्याशी भेटला. बुटका, शांत माणूस. त्याने माझ्या कंबरेला पट्टा बांधला. पट्ट्याला दोन आखूड दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला एक कडी.

“काका, कड्यावर खडकात पोलादी तार ठोकलीय. तिला या दोन कड्या अडकवायच्या. मध्ये खुंट आला की एक कडी सोडून पुढे लावायची, मग दुसरी. दोन्ही एकदम कधीच सोडायच्या नाहीत.”

मी लिहून घेतलं.

“चालायचं तेव्हा पाऊल बघायचं. दरी बघायची असेल तर थांबून बघायची. दोन्ही एकदम नाही. आणि खडकाला मिठी मारायची नाही. अंग आत झुकलं की पाय बाहेर सरकतो. ताठ चालायचं.”

हे फार मनोरंजक होतं. घाबरलेला माणूस जे हमखास करणार, नेमकं तेच धोक्याचं! मी खाली दोन रेघा मारल्या.

“काका, आज चढायचंय ना?” वाटाड्या म्हणाला.

आणि काय सांगू, मी तो कडा पार केला! उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, सगळं पाठांतरातलं. मनातल्या मनात मी आमचा पॅसेज चालत होतो. इथे फ्यूजची पेटी, इथे कॅलेंडर, इथे न्हाणीघराचं दार. ऐंशीऐवजी चौऱ्याऐंशी पावलं लागली, कारण माझी पावलं लहान पडत होती. पलीकडे मुलगी उभी होती. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, “बाबा, कड्या सोड आता तारेच्या, मग आत जाऊ.”

तिने मला सगळं दाखवलं. पाऊस मोजायचं नळकांडं, झडपांच्या पांढऱ्या पेटीतले तापमापक, वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या वाट्या. मी प्रत्येकाचा शिक्का आणि तारीख तपासली. मग तिने तिची वही उघडली. पेन्सिलीने आखलेले रकाने, एकही खाडाखोड नाही, दर तीन तासांनी नोंद, चार वर्षं. शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात अधूनमधून एकच शब्द होता: ‘टाकी’.

“हे काय?”

“हवा स्वच्छ असली की आपल्या गच्चीवरची पांढरी टाकी दिसते. खात्याला त्याचा काही उपयोग नाही. मी आपली लिहिते.”

मी बराच वेळ ते रकाने बघत राहिलो. बायकोने मला रुमाल दिला. मी म्हटलं, वर वारा फार आहे.

वारा खरोखरच वाढणार होता. “तीनच्या आत कडा उतरायचा,” वाटाड्याने बजावलं. अडीच वाजता आम्ही कड्याशी आलो. मुलगी पोचवायला आली होती. वाटाड्याने माझ्या कड्या अडकवल्या, मी पहिलं पाऊल उचललं, आणि ते तिथेच राहिलं.

डोंगर डावीकडे होता.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“डोंगर डावीकडे आहे.”

“परत जाताना डावीकडेच येणार ना हो?”

“मी डावीकडचा सराव केलेला नाही!”

तीन आठवडे, रोज चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी स्वयंपाकघराच्या दारात संपवलेली. माणूस जातो तो परतही येतो, ही एवढी बाब माझ्या कोष्टकातच नव्हती. मी वळलो आणि खडकाला कपाळ टेकून उभा राहिलो. गुण: नऊ. (दहा मी राखून ठेवले होते.)

“मला विचार करू द्या,” मी खडकाला म्हणालो.

पाच मिनिटं गेली. मागे झाकण फिरवल्याचा आणि काहीतरी कुजबुजल्याचा आवाज आला. मग मला मार्ग सुचला.

“मी उलटा चालत जातो. म्हणजे डोंगर उजवीकडेच राहील.”

वाटाड्या म्हणाला, “काका, वीस वर्षं या वाटेवर आहे. असं अजून कुणी सुचवलं नव्हतं.”

“मग इथेच राहा,” बायको म्हणाली. “हिच्या जागी नवा निरीक्षक येईल, त्याच्याबरोबर संसार थाटा. टाकी दिसली की मी गच्चीवरून हात करीन.”

“बाबा, पावणेतीन झालेत,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती. तिची तीनची नोंद चुकणार होती, आणि चार वर्षांत तिची एकही नोंद चुकली नव्हती. हे माझ्यामुळे व्हावं?

तेवढ्यात बायको जवळ आली. “अहो, घरी चहा घेतल्यावर खोलीत कसे जायचात?”

“कसे म्हणजे? चालत.”

“कुठून?”

“पॅसेजमधून.”

“भिंत कुठल्या हाताला?”

मी विचार केला. भिंत डाव्या हाताला. स्टँड उजव्या हाताला. रोज चार वेळा, तीन आठवडे.

“ते धरायचं नाही,” मी म्हटलं. “तेव्हा माझं लक्ष चहाकडे असायचं.”

“हां,” असं म्हणून तिने तिचा झाकणाचा स्टीलचा मग माझ्या उजव्या हातात दिला. “काठोकाठ आहे. झाकण सैल झालंय, तिरपा केलात तर सांडेल. डाव्या हाताने तार धरा, आणि चला खोलीत.”

वाटाड्याने मान डोलावली आणि माझ्या कड्या आपण सांभाळतो म्हणाला. मी निघालो. ताठ, कारण वाकलो तर चहा हिंदकळला असता. आधी पाऊल, मग चहा, मग पुन्हा पाऊल. न्हाणीघराचं दार, कॅलेंडर, फ्यूजची पेटी. दरी होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. चहा सांभाळायचा होता. एकोणऐंशी पावलांत मी पलीकडे होतो. मागे वळून हात केला, तर मुलगी तीनच्या नोंदीसाठी केंद्राकडे पळत सुटली होती.

मी दगडावर बसलो आणि आधी वही काढली. लिहिलं: ‘परतीचा कडा पार. गुण: दोन. चहा एक थेंबही सांडला नाही.’

“काका, एक घोट मिळेल?” वाटाड्याने विचारलं. तो उगाचच हसत होता.

मी मोठ्या दिलदारपणे झाकण फिरवलं. स्टीलचा तो मग आतून कोरडा ठणठणीत होता. तळाशी चहाची थोडी पूड चिकटली होती.

“तुम्ही खडकाशी बोलत होतात ना, तेव्हाच आम्ही तिघांनी संपवला,” बायको म्हणाली. “गार झाला असता.”

मी तो रिकामा मग हातात घेऊन तोलून बघितला. पाच ग्रॅमचा फरक ओळखणारा हात! ऐंशी पावलांच्या वाटेवर त्याने पाव लिटर चहाचं वजन जपून आणलं होतं, आणि तो चहा मुळात नव्हताच.

वहीतली नोंद खोडायला मी पेन्सिल उलटी धरली. पण नोंद पुन्हा वाचली, तर ती तंतोतंत बरोबर होती. थेंब सांडला नव्हता.

बायको खांद्यावरून वाचत होती. “राहू द्या तसंच,” ती म्हणाली. “फक्त ऑफिसात दाखवू नका. शिक्का काढून घेतील.”