तीस खुर्च्यांचा कायदा

पाठक वकील एका संध्याकाळी सायकलरिक्षात घरच्या दोन वेताच्या खुर्च्या घालून बारमध्ये आले. रिक्षात जागा उरली नाही म्हणून स्वतः मागून चालत, काळा कोट खांद्यावर टाकून. खुर्च्या त्यांनी हॉलमध्ये मांडल्या, बोट फिरवत सगळ्या मोजल्या आणि मालकाला म्हणाले, "गजूभाऊ, झाल्या तीस. आता कायदा तुमच्या बाजूनं आहे."

दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस बारला खुर्च्या का देतो, हे मला कळायला पुढे वर्ष गेलं.

हा बार अकोल्यात, जुन्या कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत. मी टेलिफोन खात्यात नोकरीला होतो. आठवड्यातून दोनदा एक बिअर आणि तीन सिगरेटी, एवढीच माझी चैन. पाठक वकील मात्र रोज यायचे. साडेसहा ते आठ, लिंबू-सोडा, वाटीभर फुटाणे आणि रस्त्याकडच्या दाराजवळचं टेबल. तिथे बसून सिगरेट ओढायची आणि मान वळवून धूर बाहेर सोडायचा. घरी का ओढत नाही, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "घरी आई आहे. वय एक्क्याण्णव. डोळे गेले, कान गेले. नाक शाबूत आहे."

चार पिढ्या पौरोहित्य केलेलं घराणं. त्यातला मुलगा वकील झाला हे आईनं सोसलं, पण बारमध्ये जाऊन फुटाणे खातो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वकिलांना छापील अक्षर सोडवत नसे. सोड्याच्या बाटलीवरचा कागद, काडेपेटी, मेनूकार्ड, सगळं पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. आणि दुसऱ्याला हटकून विचारायचं, "पुरतं वाचलं का?" एकदा आमच्या ओळखीतल्या एका लग्नाला आम्ही दहा-बारा जण नटूनथटून मंगल कार्यालयात गेलो तर तिथे दुसऱ्याच कुणाची मुंज. पत्रिकेच्या तळाला बारीक अक्षरात 'स्थळात बदल' असं छापलं होतं. आम्ही धापा टाकत खऱ्या मांडवात पोचलो तेव्हा वकील मठ्ठ्याचा दुसरा पेला संपवत होते. "पुरतं वाचलं नाही तुम्ही," एवढंच म्हणाले आणि वाढप्याला आमच्याकडे पाठवलं.

बारमध्ये वेटर एकच, रशीदभाई. साठीला आलेले, काटकुळे, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. बावीस वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, काम केलेलं. त्या सुमारास कापसाचं सगळंच बसलं होतं. जिनिंगा एकामागून एक बंद पडत होत्या. पूर्वी मोठ्यानं हसणारे कापसाचे दलाल बारमध्येही दबक्या आवाजात बोलायचे. रशीदभाईंचं जिनिंग बंद पडल्यावर गजूभाऊंनी त्यांना ठेवून घेतलं होतं. ट्रे घेऊन येता येता रशीदभाई मध्येच थांबायचे, तोंड भिंतीकडे करायचे, खोकून घ्यायचे आणि एक थेंब न सांडता पुढे यायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की कुणी वर बघतही नसे.

मग सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. गजूभाऊंनी पाटी लावली. चार दिवस लोकांनी पाटीचा मान राखला, पाचव्या दिवशी तिच्याच खाली बसून सिगरेटी पेटल्या. मीही पेटवली. इतक्यात पाठक वकील उठले, आपली सिगरेट घेऊन गल्लीत गेले, पानठेल्यापाशी उभं राहून ओढली आणि परत येऊन गजूभाऊंना म्हणाले, "हे थांबवा. नाहीतर उद्या मी तक्रार करतो."

गजूभाऊंना वाटलं, थट्टा आहे. "वकीलसाहेब, तुमी तं सोता धूर सोडता."

"मी बाहेर सोडतो. नियम पुरता वाचलाय मी."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच टाईप केलेला अर्ज घेऊन आले आणि गजूभाऊंसमोर ठेवला. खाली सही करायची तेवढी बाकी होती. गजूभाऊंच्या लायसनची सगळी कामं वकीलच बघायचे, तेही नुसत्या फुटाण्यांवर, त्यामुळे गजूभाऊंना हो म्हणावं लागलं. त्यांनी गिऱ्हाइकांच्या हातातल्या सिगरेटी विझवायला लावल्या. पंधरा दिवसांत अर्धा बार रिकामा झाला. लोक हायवेवरच्या ढाब्यावर जायला लागले. तिथे आभाळच छप्पर, कुठेही ओढा.

"तुमी मले मारून राहिले, साहेब," गजूभाऊ एका संध्याकाळी कळवळून म्हणाले. "आधीच कास्तकार येत नाई, दलाल येत नाई. आता हे बी गेले."

वकिलांनी फुटाणे बाजूला सारले आणि खिशातून नियमाची प्रत काढली. तीस किंवा जास्त माणसं बसतील अशा हॉटेलात धूम्रपानासाठी वेगळी खोली करता येते. त्यांनी लगेच उठून खुर्च्या मोजल्या. अठ्ठावीस. "काउंटरमागचं स्टूल धरा," गजूभाऊ म्हणाले. "त्यावर मालक बसतो, गिऱ्हाईक नाही," वकील म्हणाले. दुसऱ्याच संध्याकाळी त्या वेताच्या खुर्च्या आल्या.

पुढचा महिनाभर वकील कोर्टातून थेट बारमध्ये यायचे आणि सुतारामागे उभे राहायचे. कोपऱ्यात पार्टिशन उभं राहिलं. सुतारानं वर हातभर मोकळं सोडलं होतं, ते वकिलांनी छतापर्यंत न्यायला लावलं. दार आपोआप बंद झालं पाहिजे, म्हणून स्प्रिंग. धूर बाहेर गेला पाहिजे, म्हणून भला मोठा पंखा. तो लावल्यावर वकिलांनी आत सिगरेट पेटवली आणि मला बाहेर नाक लावून उभं केलं. "येतोय वास?" आतून विचारलं. जरासा येत होता. सुताराला परत बोलावलं.

खोली झाली आणि गिऱ्हाईक परत आलं. वकिलांचं नाव झालं. सिगरेटवाल्यांसाठी कायद्याशी भांडलेला माणूस म्हणून लोक त्यांना फुटाणे पाजू लागले, असं गजूभाऊ म्हणायचे. पण वकिलांनी आपलं टेबल रस्त्याच्या दारापासून हलवून त्या खोलीच्या दाराशी आणलं, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला.

पहिल्याच आठवड्यात एका ठेकेदारानं आतून हाक मारली. "रशीदभाई, माहा गिलास आन अथी."

रशीदभाई ट्रे घेऊन निघाले. वकिलांनी हात आडवा केला. "तुम्ही थांबा." मग दार किलकिलं करून आत म्हणाले, "इथं फक्त धूर. दुसरी कुठलीही सेवा द्यायची नाही, असा नियम आहे. ग्लास पाहिजे तर बाहेर या."

"अन् सिगरेट?"

"ती विझवून या."

ठेकेदार चिडला. वकील कोण लागून गेले, हेही विचारलं. वकिलांनी शांतपणे नियमाचा कागद उघडून पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर ठेकेदार बाहेर येऊन बसला. तेव्हापासून रशीदभाई त्या खोलीत एकदाही गेले नाहीत. रात्री झाडायलासुद्धा नाही. ते काम गजूभाऊंच्या गळ्यात पडलं, कारण झाडणं हीसुद्धा सेवाच, असा वकिलांनी अर्थ लावला. लोक मागे हसायचे. मीही हसायचो.

पुढच्या उन्हाळ्यात मी आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो होतो. छातीच्या डॉक्टरांच्या रांगेत रशीदभाई भेटले. तब्येत बरी दिसत होती. मी तसं म्हटलं.

"हो, आता झोप लागते," ते म्हणाले. "वकीलसाहेबाची मेहरबानी."

मला समजलं नाही. रांग मोठी होती. रशीदभाईंनी कुणाची चहाडी न करता, वर्तमानपत्रातली बातमी सांगावी तसं सांगितलं.

"जिनिंगमंदी आमच्या छातीत रुई गेली. आमी सात जणांनी भरपाईची केस टाकली होती. जिनिंगच्या मालकाकून पाठकसाहेब उभे होते. मले पिंजऱ्यात इचारलं, तुमी बिडी पिता का? मी म्हनलं, नाई. मंग इचारलं, शेजारी बसनारे पितात का? म्हनलं, पितात. धूर तुमच्या नाकात जाते का? आता जाते तं जाते. मी खोटं काहून बोलू? तिथंच केस संपली. धुरानं खोकला झाला म्हने, रुईनं नाई."

"आणि तुम्ही त्यांना रोज सोडा देता?"

"मी बारमंदी लागलो, अन् दुसऱ्या महिन्यात ते यायले लागले. त्याच्या आधी नोयते येत. मले वाटलं, आता इथंबी काय इचारतात." ते किंचित हसले. "काईच नाई इचारलं. आमी त्याच्याबद्दल बोललोच नाई कदी."

त्या संध्याकाळी मी वकिलांच्या समोर जाऊन बसलो. विचारायचं ठरवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फुटाण्यांची वाटी पुढे केली, आणि मी मूठभर फुटाणे घेतले.

रशीदभाईंनी पुढे तीन वर्षं काम केलं. मग मुलगी त्यांना चांदूर रेल्वे या तिच्या गावी घेऊन गेली. वकील महिन्यातून एका रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं तिकडे जायचे. एकदा मला म्हणाले, "येता का? गाडीत वाचायला काही नसतं." मी गेलो.

रशीदभाई ओट्यावर बसले होते. मुलीनं खारी आणि चहा आणला. दोघं पावसावर बोलले, वकिलांच्या आईच्या नाकावर बोलले. शेजारचे एक गृहस्थ जाता जाता थांबले आणि काळ्या कोटाकडे बघून विचारू लागले, "कोन पावने, रशीदभाई?"

रशीदभाई जरा सावरून बसले. वकिलांच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला.

"हे माहे वकील," ते म्हणाले.

गृहस्थांनी नमस्कार केला. पाठक वकिलांनी हात जोडले, आणि ते कितीतरी वेळ तसेच जोडलेले राहिले.