बाळराज्याचा दरवाजा उघडा राखिला त्याची हकीकत

श्रीसटवाईचे पायीं मस्तक ठेवून, घडलें तैसें लिहिलें. शके १९४७, मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेस एक राज्य जन्मास आलें, वजन पावणेतीन किलो. काळीज हें त्याचें तख्त, आणि तख्तापाशीं एक जुना दरवाजा. गर्भवासीं फुप्फुसांचा मुलूख ओस, म्हणोन रक्ताची फौज या दरवाजानें परभारें जात असे, आणि प्रोस्टाग्लँडिन नामें सरदार वारेकडून येऊन तो उघडा राखीत. सरदार मोठे कर्ते. आईचे मुलखीं कळा आणाव्या, पोटाचें अस्तर राखावें, ताप चढवावा, हींही कामें त्यांचींच. मग जन्म जाहला, वार तुटली, सरदार निघोन गेले, आणि रिवाजाप्रमाणें दरवाजा मिटूं लागला. परंतु या राज्यीं फुप्फुसांकडील राजरस्ता मुळींच बुजलेला, रक्त याच दरवाजानें उलटें तिकडे पोंचे. दरवाजा मिटला तर राज्य बुडालें.

आईसाहेब मृणालबाई, शिकलेल्या, नजर बारीक. तिसरे दिवशीं घरीं येतांच त्यांणीं बाळाचीं नखें जांभळीं पाहिलीं. सासूबाई वदल्या, "अगं, थंडी आहे, टोपडं घाल." बाई वदल्या, "घातलंय आई. ओठ पण निळे आहेत. मी चालले." आणि तडक दवाखाना गाठिला. डॉक्टर शेजवळ यांणीं तपासणी करून सलाईनवाटें तेच सरदार पुन्हा पाठविले, आणि दरवाजा किलकिला होऊन ओठांस रंग आला. परंतु सरदारांसवें तापही आला, आणि बाळराजे मध्येंच श्वास घेणें विसरूं लागले. बाई वदल्या, "डॉक्टर, बंद करा हे औषध!" डॉक्टर वदले, "ताई, औषध बंद म्हणजे दार बंद. सिस्टर आहेतच, तुम्हीही बघा. श्वास अडला की तळव्याला टिचकी मारा. पेपरला बसायचात ना, तशा बसा." बाई वदल्या, "तिथं तीन तासांनी सुटका होती हो." आणि बसल्या. सात वेळां श्वास अडला, सात वेळां टिचकी लागू पडली. आठवे वेळीं पडेना, मग सिस्टरांनीं तोंडावर मास्क धरोन वारा घातला, तेव्हां रडें फुटलें आणि बाईही रडल्या, परंतु औषध बंद करा म्हणाल्या नाहींत.

पांचवे दिवशीं शस्त्रवैद्यांनीं काळजापाशीं नळी बांधून फुप्फुसांस नवी वाट दिली, आणि मग सरदारांस निरोप देऊन दरवाजा मिटूं दिला. पुढें चौथे रोजीं बाळराजे छातीशीं लागले, आणि दम न लागतां पोटभर प्याले.

सारांश, सरदार कामापुरते आले, काम होतांच गेले. राज्य सांप्रत दूध पिऊन निजलें आहे.