अण्णा पदच्युत होतात

राजा कोणी व्हायचं यावर घरात फारशी चर्चा झालीच नाही. अण्णा हातांच्या खुर्चीत बसले होते आणि बाकीचे सगळे खाली सतरंजीवर. त्यामुळे निवड आपोआपच झाल्यासारखी होती.

"मी काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही अण्णा, नुसतं बसायचं," सूनबाई म्हणाली. "तुम्ही दूरदेशीचा राजा. आम्ही तुमची प्रजा."

"दूर कशाला जाऊ? इथं बरा आहे की."

सूनबाई शाळेत इतिहास शिकवायची. नेमणूक झाल्या दिवसापासून ती 'तात्पुरती' होती, आणि तात्पुरतं असणं किती लांबू शकतं हे तात्पुरत्या माणसालाच कळतं. उद्या तपासणीचे साहेब येऊन तिचा पाठ बघणार होते. त्यांना तो आवडला तर ती कायम होणार होती, नाहीतर नव्या सत्रात घरी. पाठाचा विषय होता स्वातंत्र्याचा जाहीरनामा. एका राजाच्या अमलाखालच्या वसाहतींनी 'आता पुरे' असं लिहून कळवलं आणि त्यातून एक राष्ट्र उभं राहिलं, त्याची गोष्ट. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, "बाई, पुस्तक वाचून दाखवू नका. साहेबांना कृती लागते. मुलांना ते आतून वाटलं पाहिजे." म्हणून आज संध्याकाळी घरातच रंगीत तालीम होती.

प्रजेत तिघं होते. सासूबाई, म्हणजे माई. नवरा, जो विमा कंपनीत होता आणि आता उशीला टेकून मॅच सुरू व्हायची वाट बघत होता. आणि नणंद, जी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात मीठ मागतानासुद्धा कलम सांगायची.

"तर," सूनबाईने वर्गातला आवाज लावला, "जाहीरनामा म्हणतो की काही सत्यं सिद्ध करायची गरजच नसते. पहिलं, सगळी माणसं जन्मतः समान आहेत."

"जन्मतः ना?" माई म्हणाल्या. "लग्नानंतरचं काही म्हणत नाही?"

"नाही माई. दुसरं, प्रत्येकाला काही हक्क असतात. ते कोणी दिलेले नसतात, म्हणून कोणी काढूनही घेऊ शकत नाही. जगण्याचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क आणि सुखाच्या शोधाचा हक्क."

"सुखाचा नाही? फक्त शोधाचा?" नवऱ्याने विचारलं.

"फक्त शोधाचा."

"मग ठीक आहे. ते आपलं चालूच आहे."

"तिसरं, राज्यकर्त्याला सत्ता मिळते ती लोकांच्या संमतीतून. आणि तो लोकांच्या मुळावर आला, तर त्याला बदलण्याचा लोकांना हक्क आहे."

इथं नणंदेने हात वर केला. "वहिनी, एक मुद्दा. अण्णांना आपण संमती कधी दिली?"

अण्णा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी अर्ध्या गावाचं पाणी सोडलं आणि बंद केलं होतं. निवृत्तीनंतर गाव हातचं गेलं, पण सवय राहिली, आणि ती सगळी या घराच्या वाट्याला आली. घरातला प्रत्येक दिवा, पंखा, नळ आणि माणूस चालू कधी व्हायचा आणि बंद कधी व्हायचा हे अण्णा ठरवायचे.

"वन्सं, हे आपण उद्याच्या पाठापुरतं करतोय," सूनबाई घाईने म्हणाली. "आता पुढची कृती. जाहीरनाम्यात राजाविरुद्धची गाऱ्हाणी एकामागून एक मांडली होती, साऱ्या जगाला कळावीत म्हणून. तुम्ही मुलं आहात असं समजा. कोण सांगेल पहिलं गाऱ्हाणं?"

तिची अपेक्षा होती की कोणीतरी कर म्हणेल, कोणी सैन्य म्हणेल. पण माई तयारच बसल्या होत्या.

"मी आंघोळीला गेले की हे बाहेरून गिझर बंद करतात. तोंडाला साबण असतो माझ्या."

"पाणी तापलेलं असतं," राजा म्हणाला.

"पंखा," नवरा सरसावून बसला. "मी खोलीत असतो. मला घाम येतो. अण्णा येतात, पंखा बंद करतात आणि मला म्हणतात, खोलीत कोणी नव्हतं."

"तू असतोस तेव्हाही फारसं कोणी नसतं," राजा म्हणाला.

"संपत आलेल्या साबणाची चकती नव्या साबणाला चिकटवायची," नणंद म्हणाली. "टूथपेस्टची ट्यूब कापून उघडायची. आणि रोज पहाटे प्रत्येकाच्या खोलीत शिरून दिवा लावायचा, पांघरूण ओढायचं आणि म्हणायचं, उठा, दिवस काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

हे शेवटचं गाऱ्हाणं निघालं मात्र, सगळी प्रजा एकदम बोलायला लागली. पांघरूण ओढण्याच्या पद्धतीचं वर्णन झालं, थंडीतल्या प्रसंगांची उजळणी झाली. सूनबाईच्याही तोंडून निघून गेलं, "रविवारीसुद्धा."

अण्णा खुर्चीत ताठ झाले. "राजाची बाजू ऐकायची असते की नाही?"

"जाहीरनाम्यात राजाची बाजू नसते, अण्णा."

"पण सकाळी पाठ घोकताना तूच म्हणत होतीस ना, की क्षुल्लक कारणांसाठी राज्य उलथू नये म्हणून? साबण क्षुल्लक नाही?"

"जन्मभराचा साबण क्षुल्लक नसतो," माई म्हणाल्या.

नणंदेने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मसुदा केला, आणि तो इतका झोकात झाला की सूनबाईला उद्याच्या पाठाची काळजीच उरली नाही. चौघांनी खाली सह्या केल्या. अण्णांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, एका जागी मान डोलावली, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून सतरंजीवर ठेवला आणि उठले.

"राज्य खालसा," म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले. प्रजेने टाळ्या वाजवल्या. उद्या वर्गात एवढं जमलं तरी पुरे, असं सूनबाईला वाटलं.

पण राज्य उलथणं सोपं असतं, वरच्या टाकीत पाणी चढवणं अवघड. नळाला पाणी येईना तेव्हा आठवलं, की मोटर रोज अण्णा लावतात. मोटर कोणी लावायची यावर प्रजेची सभा भरली. जन्मतः सगळे समान असल्यामुळे उठायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी नणंदेने तोडगा काढला. सत्ता एका हाती नको. मोटर ती लावेल, बंद तिचा दादा करेल. सत्तेची विभागणी हा कारभाराचा पाया आहे, असंही तिने सांगितलं. तिने मोटर लावली आणि आपलं कर्तव्य संपवून अभ्यासाला बसली. दादाची मॅच रंगात आली होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला. "आणि मला कोणी विचारलंय? माझी संमती कुठाय? हे सगळं मी करते ते कोणत्या कलमात बसतं गं?" नणंद कलम शोधेपर्यंत माईंनी त्याच कॅलेंडरचा पुढचा महिना फाडला आणि स्वयंपाकघर स्वतंत्र झालं. ज्याचं ताट त्याने वाढून घ्यावं, ज्याचा चहा त्याने करावा, आणि आत यायचं तर दारात उभं राहून विचारावं.

आता सूनबाई उठली. ती अण्णांच्या खोलीत गेली. अण्णा पलंगावर आडवे होऊन छताकडे बघत होते.

"अण्णा, रागावलात का? अहो, तो नुसता पाठ होता."

"रागावतो कशाला? पाठ उत्तम झाला. मला पटला."

"म्हणजे?"

"मला एक सांग, सूनबाई. राजासुद्धा जन्मतः समानच ना?"

"हो... म्हणजे, धरायला हरकत नाही."

"मग सुखाचा शोध त्यालाही आहेच. मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी उठतोय. आधी गावासाठी, मग तुमच्यासाठी. कधी कोणी म्हणालंच नाही की अण्णा, आता नको." ते कुशीवर वळले. "तुम्ही आज लेखी दिलंत. बरं वाटलं. दिवा तेवढा घालव जाताना. किंवा राहू दे, तुझी मर्जी."

सूनबाई शहाणी होती. उद्या कोणी उठवणार नाही हे ओळखून तिने मोबाइलला गजर लावला आणि मोबाइल चार्जिंगला लावला. तिचं काहीच चुकलं नाही. पण मोटर अजून चालूच होती. वरची टाकी भरली, वाहिली, गच्चीवर तळं झालं. मग खालची टाकी कोरडी पडली तरी मोटर आपली फिरतच राहिली, शेवटी जळली आणि जाता जाता घराचा फ्यूज घेऊन गेली. आधीच धापा टाकत असलेला मोबाइलही थोड्या वेळाने निजला. घरात पहिल्यांदाच सगळे एकसारखे झोपले. जाहीरनाम्यातली समानता याहून पुरेपूर कुठं आली नसेल.

जाग आली ती दूधवाल्याने दार बडवल्यामुळे, कारण घंटीही बंद होती. सूनबाईने पडदा सारला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ऊन समोरच्या घराच्या पत्र्यावरून उतरून पार अंगणात आलं होतं.

मग जी धावाधाव उडाली ती सांगायची सोय नाही. गिझर बंद होता, तो बाहेरून कोणी बंद केलेला नव्हता एवढाच फरक. इस्त्री बंद होती. गच्चीवरचं पाणी जिन्याने खाली आलं होतं आणि तिने मेहनतीने केलेले तक्ते त्या पाण्यात पडून सगळ्या वसाहतींचे रंग एकमेकांत मिसळले होते. स्वयंपाकघराच्या सरहद्दीवर नवरा आणि नणंद चहासाठी ताटकळत उभे होते. शेवटी तिघंही अण्णांच्या पलंगाशी गेले.

"अण्णा, उठा ना. फ्यूजची तार कुठं असते?"

"किल्ल्या तुमच्याकडे आहेत."

"आम्ही ठराव मागे घेतो," नणंद म्हणाली. "एकमताने."

"तुमची संमती झाली. माझी कुठाय?" अण्णांनी पांघरूण स्वतःच्या हाताने डोक्यावरून ओढून घेतलं, आणि त्यांचा आवाज आतून आला, "आणि नव्या राजाची निवडणूक घेतलीत, तर माझ्या नावाचा अर्ज कोणी भरू नका."

सूनबाई शाळेत पोचली तेव्हा केस ओले होते, कपडे चुरगळलेले होते आणि एका पायात नणंदेची चप्पल होती. वर्ग भरला होता. शेवटच्या बाकावर साहेब बसले होते. थोराड, शांत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. शेजारी मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"बाई, उशीर?" साहेब एवढंच म्हणाले.

तक्ते नव्हते, टिपणं नव्हती, सनावळी डोक्यातून निघून गेली होती. नोकरी तर गेलीच, मग खोटं तरी कशाला बोला, असा विचार करून सूनबाईने खडू खाली ठेवला. "मुलांनो, काल आमच्या घरी राज्यक्रांती झाली," ती म्हणाली, आणि साबणापासून फ्यूजपर्यंत जे घडलं ते सगळं सांगून टाकलं.

वर्गाने असा इतिहास कधी ऐकला नव्हता. साबणाच्या चकतीला मुलं बाकावर आडवी झाली. 'संमती' या शब्दावर मात्र वाद पेटला. एक मुलगी म्हणाली, राजा वाईट नव्हता, त्याला विचारायची पद्धत वाईट होती. मागचा एक म्हणाला, पद्धत नव्हतीच, म्हणून तर वाईट. तिसरी म्हणाली की हक्क सगळ्यांनी वाटून घेतले पण मोटर कोणीच घेतली नाही, आणि राष्ट्रालाही मोटर असणारच की. तास संपल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. साहेब मात्र एकदाही हसले नाहीत. ते नुसते सूनबाईकडे बघत राहिले, आणि तिला आपला निकाल कळून चुकला.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत साहेबांनी तिचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि ते तसंच धरून ठेवलं.

"तुमचे सासरे आता काय करतायत?"

"मी निघाले तेव्हा झोपले होते, सर."

"शांत?"

"घोरत होते."

साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. "आमच्या घरी सहा माणसं आहेत. सगळ्यांना मी उठवतो. दिवे मी घालवतो, मोटर मी लावतो. आजपर्यंत एकानेही तक्रार केलेली नाही. फार आज्ञाधारक माणसं." त्यांचा आवाज जरा ओला झाला. मग त्यांनी कागदावर 'कायम करण्यास हरकत नाही' असं लिहून सही ठोकली.

सूनबाईचा विश्वास बसेना. तिने कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि डोळे पुसले.

"बाई, एक विनंती होती," साहेब पेन बंद करत हळूच म्हणाले. "रविवारी आमच्याकडे येऊन हा पाठ घ्याल? सगळ्यांना सतरंजीवर बसवून ठेवतो."

"येईन की, सर. पण..." सूनबाईला कसं बोलावं कळेना. "पाठ उभा राहतो तो गाऱ्हाण्यांवर. तुमच्या घरच्यांचं तर काही गाऱ्हाणंच नाही म्हणताय."

साहेबांनी थोडा विचार केला आणि उठले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली.

"त्याची काळजी करू नका," ते म्हणाले. "आज घरी गेल्या गेल्या छळायला सुरुवात करतो. रविवारपर्यंत पुरेशी जमतील."