तीन मजली केक आणि न्यूट्रल गाडी

"गाडी म्हणजे गाडी! तिला डिझेल पाजा नाहीतर वीज, वळवायची स्टिअरिंगनेच ना?" असं म्हणत मामांनी लेकीच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीची किल्ली खिशात टाकली. सारा जन्म ट्रक चालवलेला माणूस. गल्लीत गाड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा!

मामींचा जीव मात्र मागच्या सीटवर होता. तिथे तीन मजली केक बसला होता आणि त्याला तान्ह्या लेकरासारखं धरून मामी. डोंगरापलीकडच्या कारखान्याचा वर्धापनदिन होता, मामींची पहिली मोठी ऑर्डर! केक धड पोहोचला तर घरगुती बेकरीचं नाव होणार. नाही पोहोचला तर नणंदेला जन्मभर पुरेल एवढा विषय मिळणार.

"बाबा, चार्जिंग पुरेल ना?" निरोप द्यायला दारात उभ्या लेकीने विचारलं.

"पाव भरलंय. पाव टाकीत मी दोन डोंगर ओलांडलेत!"

चढ लागला आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा घसरू लागला. बारा टक्के. नऊ. सात.

मामांनी गुपचूप एसी बंद केला.

"अहो! वरचा मजला कललाय! क्रीमला घाम फुटलाय!"

"मलाही फुटलाय!"

"तुम्हाला कुणी कापून वाटणार नाहीये! लावा एसी!"

एसी लागला. माथ्यावर पोहोचेपर्यंत आकडा चारवर आला. मामांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि डिकीतून ऐटीत डिझेलचा कॅन काढला. कॅनशिवाय ते कधी घराबाहेर पडलेच नव्हते! मग त्यांनी चार्जिंगचं झाकण उघडलं. आतल्या भोकांकडे पाहिलं. कॅनकडे पाहिलं. पुन्हा भोकांकडे पाहिलं.

"काय करताय हो?"

"काही नाही. जरा वारा खातोय."

"कॅन घेऊन?"

मामांनी कॅन मुकाट्याने डिकीत ठेवला. "आता नुसता उतारच आहे. न्यूट्रल टाकतो. एक थेंब जळणार नाही बघ!"

गाडी सुसाट निघाली. मामा ब्रेक दाबून दाबून घामाघूम झाले, केक डोलू लागला आणि आकडा तीनवर आला. मामींनी एका हाताने केक सावरत दुसऱ्या हाताने घरी लेकीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, गाडी मरायला टेकलीय! तुझ्या बाबांनी न्यूट्रल टाकलीय."

"न्यूट्रल? बाबा, आधी गिअरमध्ये घ्या! उतारावर पाय उचलला की ती आपोआप चार्ज होते!"

"उतरताना टाकी भरते? बापाची थट्टा करतेस होय गं?"

"घाला गिअर!" मामी कडाडल्या. "नाहीतर केक सोडून मीच पुढे येते!"

मामांनी गिअर घातला. कुणी मागून सदरा धरावा तशी गाडी सावरली. केक डोलायचा थांबला. थोड्या वेळाने पडद्यावर चार आले. मग पाच!

"अगं, पाच! पाच झाले!" मामा स्टिअरिंगवर थाप मारून ओरडले. "हा डोंगर आणखी थोडा उंच हवा होता!"

कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना पडद्यावर सहा होते. मॅनेजरसाहेबांनी केकभोवती एक फेरी मारली. मामींनी श्वास रोखला.

"वरचा मजला असा तिरका केलाय... मुद्दाम का?"

"मुद्दामच," मामी पटकन म्हणाल्या. "नवीन पद्धत आहे."

"वा! फारच कलात्मक! पुढच्या वर्षीही असाच हवा हं!"

मामी जवळच्या खुर्चीत अशा बसल्या, जणू तो केक त्यांनी डोक्यावरून आणला होता. मामाही शेजारी टेकले. दोघं कितीतरी वेळ नुसते हसत राहिले.

"शेवटी आणलं की नाही वेळेवर?" मामांनी छाती फुगवली. "चल, आता निघू घरी."

मामींनी खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवलं. "अहो, जाताना तो चढ आहे."

मामांची छाती जागच्या जागी बसली.

"घाबरू नका," मामी म्हणाल्या. "आता केक धरायचा नाहीये. माझे दोन्ही हात मोकळे आहेत. तुम्ही ढकला, मी स्टिअरिंग धरते!"